बाटग्याची बांग : एका म्हणीची उलटतपासणी

दोन वर्षांपूर्वी नगरमधल्या एका वाचनालयात बाबा पदमनजींवर बोलण्यासाठी मला बोलावले होते. समोर तीस-चाळीस माणसे असतील, बहुतेक निवृत्त. पदमनजींनी हिंदू चालीरीतींवर जी टीका केली, तिचे मासले मी सांगितले. व्याख्यान संपल्यावर पहिल्या रांगेतले एक मास्तर उठून म्हणाले, "बाटग्याची बांग मोठी, दुसरं काय!" सभा हसली आणि मीही हसलो. चहा झाला, नारळ आणि शाल घेऊन मी घरी आलो.

रात्री मात्र ते हसणे मला खुपत राहिले. गेली पंचवीस वर्षे मी एकोणिसाव्या शतकातल्या धर्मवादाच्या पुस्तिका गोळा करतो आहे. काही रद्दीच्या दुकानांत मिळाल्या, काही जुन्या मिशनच्या कपाटांतून, काही मेलेल्या माणसांच्या माळ्यांवरून. माझ्याकडे विद्यापीठाची पदवी नाही. जे शिकलो ते नोकरी सांभाळून, रविवारी आणि रात्री. एवढ्या वर्षांत मी ती म्हण शंभर वेळा ऐकली असेल आणि एकदाही तपासून पाहिली नव्हती. धर्म सोडणारा माणूस त्या धर्माचा सर्वांत कडवा टीकाकार होतो, असे आपण धरूनच चालतो. ते खरे आहे का, आणि असेल तर कशामुळे, हा या लेखाचा विषय आहे. माझ्या हसण्यामागे एक खाजगी कारणही होते. ते शेवटी सांगेन.

म्हणीचा दावा आधी नीट मांडून घेऊ. नव्याने आलेल्यावर नव्या मंडळींचा विश्वास बसलेला नसतो, म्हणून तो मोठ्याने ओरडून आपली निष्ठा सिद्ध करतो, असे ती म्हणते. माक्स शेलर या जर्मन तत्त्वज्ञाने १९१२ मध्ये द्वेषभावनेवर लिहिलेल्या निबंधात जवळजवळ हेच भारदस्त भाषेत मांडले आहे. धर्मत्यागी माणूस नव्या श्रद्धेसाठी जगत नाही, जुन्या श्रद्धेविरुद्ध जगतो, असे त्याचे म्हणणे. आमचे मास्तर आणि शेलर यांचे एकमत आहे म्हणायचे. म्हणजे तीन गोष्टी दाखवता आल्या पाहिजेत. टीका धर्म सोडल्यानंतर सुरू झाली पाहिजे. जे सोडून गेले नाहीत त्यांची टीका सौम्य असली पाहिजे. आणि नव्या घराबद्दल टीकाकाराने अवाक्षर काढता कामा नये.

सुरुवात निळकंठशास्त्री गोऱ्ह्यांपासून करतो. घराणे चित्पावन, वास्तव्य काशीत, शास्त्राध्ययन उत्तम. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मत श्रेष्ठ ठरवले होते. त्याला उत्तर म्हणून शास्त्रीबुवांनी विशीच्या आतबाहेर असताना, १८४४-४५ च्या सुमारास, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला. ख्रिस्ती मताची त्यात चांगलीच झाडाझडती आहे. पुढे १८४८ मध्ये याच शास्त्रीबुवांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. १८६० मध्ये त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनांचे खंडन केले.

दोन्ही ग्रंथांत पंधरा वर्षांचे अंतर आहे आणि मधे एक धर्मांतर आहे. तरी हात तोच आहे. पूर्वपक्ष मांडायचा, त्यातला दोष दाखवायचा, उत्तरपक्ष उभा करायचा. काशीच्या पाठशाळेत जी वादाची शिस्त अंगी बाणली, तीच त्यांनी आधी ख्रिस्ती मतावर चालवली आणि नंतर वेदान्तावर. याला बांग म्हणता येत नाही. हा माणूस बाटण्याआधीही तितकाच धारदार होता. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी पूर्वपक्ष त्याच्या स्वतःच्या घरचा होता, त्यामुळे वार कुठे करायचा हे त्याला जास्त नेमके ठाऊक होते. पाद्री म्यूरसाहेबांच्या पोथीतली चूक काशीचा कुणीही पंडित दाखवू शकत होता. (म्यूर पाद्री नव्हता, कंपनीचा नोकर होता, पण आमच्याकडे सगळ्या गोऱ्या धर्मवाद्यांना पाद्रीच म्हणायची पद्धत आहे आणि ती चूक मीही अनेक वर्षे करत आलो.) वेदान्ताच्या सांध्यांवर नेमका घाव घालायला मात्र आत वाढलेला माणूसच लागतो. ज्याला आपण कडवटपणा म्हणतो, त्यातला बराच भाग निव्वळ माहितीचा असतो.

आता बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगाव, जात कासार. बाप्तिस्मा १८५४ मध्ये. विधवांच्या हालअपेष्टांवरचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, म्हणजे धर्मांतरानंतरचे. म्हण येथवर जिंकते. पण स्त्रियांच्या शिक्षणावरचा त्यांचा निबंध १८५२ चा आहे, बाप्तिस्म्याच्या दोन वर्षे आधीचा. समाज बिघडला आहे हे निदान ते हिंदू असतानाच करून मोकळे झाले होते. औषध तेवढे नंतर ठरले.

पदमनजींचे आत्मचरित्र 'अरुणोदय' १८८८ चे. मराठीतल्या पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते, पण ते वाचणारे थोडे. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग परमहंस सभेचा आहे. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ही गुप्त मंडळी. दादोबा पांडुरंग तिचे एक आधारस्तंभ. जातिभेद मोडायचा हा तिचा निश्चय. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, ही प्रवेशाची रीत. पण हे सगळे बंद दाराआड. बाहेर पडल्यावर ज्याने त्याने आपापल्या पंगतीत, आपापल्या पाटावर बसायचे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विरघळून गेली.

पदमनजी या सभेत होते. तेव्हा विशीतल्या त्या मुलाच्या जागी आपण स्वतःला कल्पून पाहावे. ज्यांना तो गुरुस्थानी मानत होता ते रात्री पाव खात होते आणि सकाळी सोवळे नेसत होते. मग त्याने उघडपणे सभेबाहेर, जातीबाहेर, धर्माबाहेर पाऊल टाकले. त्याच्या लिखाणात सर्वांत जास्त धग कुठे आहे हे पाहिले तर ती भटभिक्षुकांपेक्षाही या सुधारकांच्या बाबतीत जाणवते, असे माझे मत आहे. भटजी निदान जे मानतो तेच करतो. हे तर मानत नसून करतात.

दादोबांवर हा अन्याय आहे का? थोडा आहे. दादोबांनी मराठीला व्याकरण दिले आणि संसार, नोकरी, नाती सांभाळून जेवढे धाडस करता येते तेवढे केले. पण त्यांचे 'धर्मविवेचन' पुस्तकरूपाने आले ते १८६८ मध्ये, आणि तेही स्वतःच्या नावावर नाही, 'एक जगद्वासी आर्य' या नावाने. बाबा पदमनजींच्या पुस्तकांवर बाबा पदमनजी असे छापलेले असते. आत राहिलेला माणूस टोपणनावाने लिहितो आणि बाहेर पडलेला स्वतःच्या नावाने. मग ज्याचा आवाज मोठा वाटतो तो खरोखर मोठ्याने बोलतो आहे, की त्याने फक्त तोंडावरचे उपरणे काढले आहे? गमावण्यासारखे होते ते त्याचे गमावून झाले होते.

किती गमावले, याचा हिशेब आज कुणाला सहज लागत नाही. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला. कायदा वडिलोपार्जित घरातला वाटा देऊ शकत होता, पण त्या घरात पाण्याचा तांब्या देऊ शकत नव्हता. आपण आज घटस्फोट हा शब्द नवरा-बायकोच्या काडीमोडीसाठी वापरतो. धर्मशास्त्रात तो विधी पतितासाठी होता. माणूस जिवंत असताना त्याच्या नावाने पाण्याचा घडा लवंडायचा, सुतक पाळायचे आणि तो मेला असे समजायचे. ज्याच्या आईबापांनी त्याच्या नावाने घडा लवंडला, त्याने समतोल भाषेत लिहावे ही अपेक्षा करणारे आपण कोण?

बरे, परतीची वाट होती का? १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मुलगा परत आला, पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन पंक्तीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, तर सनातन्यांनी बाळशास्त्रींवरच काहूर उठवले. ज्या घराचे दार बाहेर जाण्यासाठी उघडते आणि आत येण्यासाठी उघडत नाही, त्या घराबद्दल बाहेर उभा राहिलेला माणूस गोड बोलेल कसा! कडवटपणाची निम्मी जबाबदारी दार लावणाऱ्यांवर टाकावी, असे मला वाटते. म्हणीला हे सोयीस्करपणे दिसत नाही, कारण म्हण आतल्या लोकांनी केलेली आहे.

म्हणीची दुसरी कसोटी फार वेळ घेत नाही. आत राहिलेले सौम्य होते का? १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली. ब्राह्मणांच्या आळसावर, भिक्षुकीवर, अर्थ न समजता केलेल्या पाठांतरावर त्यांनी जे लिहिले, त्यापुढे कुठल्याही मिशनरी पुस्तिकेची भाषा मऊ वाटेल. गोपाळ हरी देशमुख शेवटपर्यंत हिंदू राहिले. (टोपणनाव त्यांचेही, हे लक्षात घ्यावे.) जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ ची, आणि जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. उलट बाजूला विष्णुशास्त्री चिपळूणकर घ्या. ते काहीच सोडून गेले नव्हते, तरी 'निबंधमाले'त दयानंदांवर आणि जोतीरावांवर त्यांनी जे आसूड ओढले ते सौम्य होते असे कुणी म्हणणार नाही. त्या काळाची वादाची भाषाच तशी होती. पदमनजींना वेगळी मोजपट्टी लावण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या कागद जमवणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुस्तिका लिहिणारेच आमच्या हाती लागतात. नगर जिल्ह्यात खेड्याखेड्यांतून महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म घेतला. त्यांतले कुणी मास्तर झाले, कुणी दवाखान्यात परिचारिका, बहुतेक पूर्वीसारखेच शेतमजूर राहिले. त्यांतल्या कितींनी जुन्या धर्माविरुद्ध एक ओळ तरी लिहिली? सोडणाऱ्यांत बहुसंख्या न बोलणाऱ्यांचीच असणार. जे ओरडले त्यांचाच आवाज शंभर वर्षांनी ऐकू येतो, आणि आपण म्हणतो की सोडणारे सगळे ओरडतात.

तिसऱ्या कसोटीसाठी पंडिता रमाबाई. त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. १८८७ मध्ये अमेरिकेत छापलेल्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीचे त्यांनी केलेले वर्णन आपल्याकडे अनेकांना झोंबले. १८९३ मध्ये शारदासदनावरून पुण्यात वादळ झाले आणि रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. एवढा भाग सर्वांना माहीत असतो. पण रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. तो वाचल्यावर माझा सगळा समज उलटापालटा झाला. बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षे होत नाहीत तोच ही बाई त्रैक्याच्या सिद्धान्तावर सिस्टर जेराल्डिनशी वाद घालते आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारते. तिने काय शिकवावे आणि कुणाला, हे बिशपने ठरवावे यावर ती भडकते. आपण एका पुरोहितशाहीचे जोखड उतरवले ते दुसरीचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असा त्या पत्रांचा एकंदर सूर आहे. सिस्टर जेराल्डिनला तो गर्व वाटला. पुण्यातल्या वर्तमानपत्रांना तिची फितुरी दिसत होती. दोघांनाही बाईने मानगूट धरू दिली नाही. नव्या घराला खूश करण्यासाठी जुन्या घराला शिव्या देणारी माणसे अशी वागत नाहीत.

म्हणीला सर्वांत मोठा धक्का बसतो तो डॉ. आंबेडकरांपाशी. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा. मध्ये एकवीस वर्षे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि मंडळाला न पेलल्यामुळे कधीच न झालेले ते भाषण १९३६ चे. हिंदू धर्मातील कूटप्रश्नांचे हस्तलिखित, जे शासनाने १९८७ मध्ये छापल्यावर महाराष्ट्रात वादळ उठले, तेही दीक्षेच्या आधीच्या वर्षांतले. दीक्षेनंतर बाबासाहेब दोन महिनेही जगले नाहीत. म्हणजे त्यांची सर्वांत प्रखर धर्मचिकित्सा ही बाहेर पडलेल्याची नाही, उंबरठ्यावर उभ्या असलेल्याची आहे. पाऊल बाहेर पडल्यावर त्यांच्या नावे जो ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो बुद्धाविषयी आहे. बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या काही जुने देव आणि जुने विधी नाकारतात हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या देवळाच्या पायरीवरही येऊ दिले नाही, त्या देवळातल्या देवाला 'मानणार नाही' म्हणणे यात कडवटपणा शोधणाऱ्याची मला कमाल वाटते.

उंबरठा हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझ्या वाचनात वारंवार असे आले की धग उंबरठ्यावर जास्त असते आणि अंतर वाढले की ती उतरते. याची सर्वांत सुंदर साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार उन्मळून पडला. पुढे काही वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' आली ती १९३४ पासून, म्हणजे चाळीस वर्षांनी. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरातल्या पोरीबाळींचे जे हाल झाले ते त्यांनी त्यात सांगितले आहेत. पदमनजींनी त्याच सामग्रीतून एक जळजळीत पुस्तिका लिहिली असती. लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात आणि वाचकाच्या मनात सोवळ्याविषयी जी चीड उरते, ती पुस्तिकेने उरली नसती. टिळकांचेही तसेच. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ज्या पुलावरून आलो तो जाळायचा नाही, एवढे भान त्यांना होते. अखेरच्या वर्षांत ते रागावले ते परदेशी मिशनऱ्यांच्या कारभारावर, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून मोकळे झाले.

मग म्हणीत काहीच तथ्य नाही का? आहे, आणि ते लपवणे बरे नव्हे. त्या काळच्या तुलनात्मक पुस्तिकांत एक खोट फार आढळते. जुन्या धर्माची तपासणी पुराणातल्या ओळीवरून करायची आणि नव्या धर्माची त्याच्या उत्तम संतांवरून. जुन्या घराची मोरी आणि नव्या घराचा दिवाणखाना शेजारी शेजारी ठेवायचे. कृष्णाची आणि ख्रिस्ताची तुलना करताना पदमनजींनाही हा मोह आवरला नाही. त्यात सोडून आलेल्या माणसाला एक भ्रम होतो. आपण ज्या घरात वाढलो तेवढाच तो धर्म, आपला बाप म्हणजेच ती परंपरा, असे त्याला वाटते. या भ्रमाची मला चांगली ओळख आहे.

माझे घर एका गुरुसंप्रदायाचे. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. सव्विसाव्या वर्षी मी माळ काढून ठेवली. कारण साधे होते. घरातल्या एका आजारपणात डॉक्टरऐवजी अंगाऱ्यावर भरवसा ठेवला गेला आणि त्याची किंमत माझ्या धाकट्या बहिणीने मोजली. ती वाचली, पण एका कानाने कायमची गेली. पुढे तीन वर्षांनी मी सोळा पानांची एक पुस्तिका स्वखर्चाने छापली. पाचशे प्रती. संप्रदायाचा इतिहास, उत्सव, देणग्या, अंगारा, सगळे त्यात होते. गेल्या महिन्यात ती पुन्हा वाचली. माहिती बहुतेक बरोबर आहे. भाषा मात्र सहन होत नाही. कुठल्याही वाचकाला उद्देशून ती लिहिलेली नाही. प्रत्येक पानावर मी एकाच व्यक्तीशी भांडतो आहे, आणि ती व्यक्ती स्वयंपाकघरात बसून माझ्यासाठी भाकरी थापत होती. मास्तरांच्या म्हणीवर मी हसलो तो या पुस्तिकेच्या लाजेने.

आईने त्या पुस्तिकेबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. मी घर सोडले नाही, तिने माझ्या नावाने घडा लवंडला नाही. आम्ही बावीस वर्षे एका छपराखाली राहिलो, तिची सायंउपासना चालू आणि मी बाहेरच्या खोलीत माझे कागद घेऊन. ती गेल्यावर तिच्या पोथीचे बासन सोडले तर आत पुस्तिकेची एक प्रत निघाली. पाने हाताळून मऊ झालेली. अकराव्या पानावर उत्सवाची माहिती आहे, तिथे मी लिहिलेली तिथी पेन्सिलने खोडून समासात तिच्या अक्षरात लिहिले होते, "चतुर्थी नव्हे, वद्य पंचमी." बाकी सोळा पानांत कुठेही पेन्सिल लागलेली नव्हती.